स्थानिकांच्या लेनमधला ण

महामार्ग रुंद झाला, विरारच्या पूर्वेला टोलनाका उभा राहिला, तेव्हा मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. घरी बसलेल्या मुलीला येणारे-जाणारे दोनच प्रश्न विचारतात आणि दोन्हींचा मला वीट आला होता. नाक्यावर मुली घेताहेत असं कळलं आणि मी गेले. आईला वाटलं, बँकेसारखं काहीतरी असेल; काच, खिडकी, डोक्यावर पंखा. खिडक्या होत्या, पण त्या इतर मुलींना मिळाल्या. माझ्या वाट्याला आली सगळ्यांत कडेची लेन, जिला खिडकीच नव्हती. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणि एका टोकाला दगड बांधलेला लाल-पांढरा बांबू. त्याला आम्ही दांडा म्हणायचो. वर पाटी होती : 'स्थानिक'.

बाकीच्या लेनमधून गाड्या टोल भरून जायच्या. आमच्या लेनमधून आसपासच्या लोकांना फुकट आणि न थांबता जाता येईल, असं ठरलं होतं. आसपासचे म्हणजे कोण, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "लोकल म्हणजे लोकल, मॅडम. काकांना कळतं ते."

काका म्हणजे दुसऱ्या खुर्चीवरचे. ते उमेळ्याचे, जुन्या वाडीवाल्या घरातले. केळी आणि पानवेलीची त्यांची वाडी एव्हाना गेली होती. अर्ध्या जागेवर इमारत, अर्ध्या जागेवर गवत. ठेकेदाराने त्यांना घेतलं ते ओळखीसाठी. उमेळ्यापासून अर्नाळ्यापर्यंत कोण कुणाचा, हे त्यांना ठाऊक. सदऱ्याच्या खिशात विड्याची दोन पानं कायम असायची. ती बाजारातून विकत आणावी लागतात याचा त्यांना फार राग होता. रोज सकाळी पान उलटंसुलटं करून बघायचे, "याला पान बोलतात?" म्हणायचे आणि तरी खायचे.

घरी मी पाटीबद्दल सांगितलं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "'स्थानिक'ची वेलांटी ऱ्हस्वच काढलीय ना?"

बाबा मराठीचे मास्तर. लग्नपत्रिका हातात आली की आधी पेन शोधायचे, मग नवरा-नवरी कोण ते बघायचे. आम्ही मूळचे देशावरचे. गावाकडचा वाटा विकून बाबांनी विरारला फ्लॅट घेतला आणि सांगून टाकलं, "आता आपलं गाव हेच." पण गाव असं सांगून होत नसतं. देशावरचे नातेवाईक म्हणायचे, तुम्ही काय बाबा, मुंबईवाले. मुंबईचे म्हणायचे, विरार म्हणजे गावच की. आणि विरारच्या जुन्या लोकांसाठी आम्ही बिल्डिंगवाले. बाबांना हे लागायचं. कुणी विचारलं, "मूळ गाव कुठलं?" की ते हट्टाने सांगायचे, "विरार." समोरचा हसायचा आणि पुन्हा विचारायचा, "ते झालं हो, पण मूळ?"

त्यांची शाळा नाक्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या गावात होती. आधी एस.टी.ने जायचे, मग जुनी मारुती घेतली. त्यामुळे नाका रोज लागणार होता. टोलचं ओझं होतंच, पण ते पास काढूनही हलकं झालं असतं. मी तसं सुचवलं तर म्हणाले, "पास पाहुण्यांना. मी इथला आहे. पाटीवर लिहिलंय ना, मग त्या पाटीखालून जाईन." त्यांना ती लेन फुकट म्हणून नको होती. इथल्या कुणीतरी इथल्या रस्त्यावर आपल्याकडे बघून दांडा उचलावा, एवढंच त्यांना हवं होतं. बाहेरच्याला हे वेडेपणाचं वाटेल. मलाही तेव्हा वाटायचं.

आणि एक बजावलं होतं त्यांनी. "तू उचलायचा नाहीस. तू उचललास तर मी गाडी मागे घेईन." मी म्हटलं, "नाही उचलणार. मला काय हौस आहे?" आमच्या घरात प्रेमाचं बोलणं असंच चालतं.

पहिले काही दिवस आम्ही रेशनकार्ड बघायचो. ज्याच्या खिशात रेशनकार्ड असेल असा माणूस मला अजून बघायचाय. लोक गाडी थांबवून सगळे खण उपसायचे, बायकोला विचारायचे, बायको सासूचं नाव सांगायची. मागे भोंगे. जी लेन न थांबता जाण्यासाठी होती तीच नाक्यावरची सगळ्यांत लांब रांग होऊन बसली. मग मॅनेजर ओरडला म्हणून आम्ही तपासणं सोडलं, तर अर्ध्या तासात अख्खा महामार्ग स्थानिक झाला. सुरतेकडे निघालेल्या लक्झरी बससुद्धा आमच्या शेडखाली अंग चोरून शिरायला बघत होत्या. तपासलं तर तुंबते, नाही तपासलं तरी तुंबते. मी वैतागून म्हटलं, "काका, ही लेन बंद करून इथे केळी लावा."

काकांनी थोडा वेळ विचार केला आणि पुढच्या गाडीच्या काचेवर टकटक केली. काच खाली झाली. काका म्हणाले, "तान लागली तं काय मागशील?"

आतला माणूस गोंधळला. म्हणाला, "पानी."

काकांनी दांडा उचलला.

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं यांचं. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. इथल्या जुन्या गावांतला माणूस, शेतावरचा असो, मिठागरातला असो की होडीवरचा, पानीच म्हणतो. त्याच्या तोंडात ण नसतोच. ज्याच्या तोंडात ण, तो नंतर आलेला. कार्ड घरी राहतं, जीभ कुठे घरी ठेवणार? "तू बोल बरं," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "पाणी." मास्तरांची मुलगी, दुसरं काय म्हणणार?

"बग. तू बी भायेरची," काका म्हणाले आणि पानाचं देठ खुडून टाकलं. त्यांना ते फारच आवडलेलं दिसलं.

आणि खरंच, रांग पळू लागली. टकटक, सवाल, एक शब्द, दांडा वर. मी मनातल्या मनात काकांना मानलं. तोंडावर नाही, आधीच हवेत होते ते.

दोन दिवसांनी सुट्टी संपून शाळा उघडली आणि बाबांची मारुती आमच्या लेनमध्ये आली. काच खाली होतीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, काकांकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट, भांग काढलेला. काकांना ते कोण हे माहीत नव्हतं, आणि सांगायचं नाही असं बाबांचं-माझं ठरलं होतं.

"तान लागली तं काय मागशाल?"

"पाणी," बाबा म्हणाले. वर्गात फळ्यापाशी उभं राहून म्हणतात तसं, जीभ टाळ्याला लावून, स्पष्ट.

काकांनी हात हलवला. "बाजूच्या लेनला जा. टोल भरा."

"मी विरारला राहतो. बरीच वर्षं."

"ते दिसलं," काका म्हणाले.

मागे भोंगा वाजला. बाबांनी गाडी मागे घेतली, बाजूच्या रांगेत लावली आणि टोल भरून गेले. मी दांड्याच्या दगडावर हात ठेवून उभी होते. मला इतका राग आला होता की काकांचं ते पान ओढून फेकून द्यावंसं वाटलं.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "एकदा म्हणून टाकावं पानी. जीभ का झडणार आहे?"

बाबा म्हणाले, "पलीकडे वर्गात जी मुलं बसतात ती सगळी पानी म्हणत येतात. मी त्यांच्याकडून पाणी म्हणवून घेतो. नाही म्हटलं की पुन्हा म्हणायला लावतो. आणि नाक्यावर स्वतःच पानी म्हणून पुढे जाऊ? मग वर्गात कुठल्या तोंडाने उभा राहू?"

"मग टोल भरा," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

ते रोज आमच्याच लेनमध्ये यायचे. रोज सवाल, रोज पाणी, रोज गाडी मागे. काकांनाही आता ती गाडी ओळखू येऊ लागली. "आला बग तो णवाला," म्हणायचे.

तोवर काकांच्या परीक्षेतलं भोक माझ्या लक्षात आलं होतं. हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडातही ण नसतो. अहमदाबादहून निघालेला भैया ड्रायव्हर खणखणीत "पानी" म्हणायचा आणि सन्मानाने पुढे जायचा. गुजराती माणूस मात्र पाणीच म्हणतो, तो अडकायचा. म्हणजे ज्याने विरार कधी बघितलं नाही तो स्थानिक, आणि विरारच्या नगरपालिकेला घरपट्टी भरणारा मराठीचा मास्तर बाहेरचा. आठवडा संपायच्या आत रांगेतल्या सगळ्या ड्रायव्हरांना मंत्र कळला होता. काका उठायच्या आधीच काचेतून ओरडायचे, "पानी, काका, पानी!" एकाने तर बाटलीच पुढे केली, त्याला वाटलं म्हाताऱ्याला हवंय.

एके दिवशी बाबांना परत पाठवलं आणि पाठोपाठ परराज्यातली एक जीप पानी म्हणून गेली, तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "काका, तो तुम्हाला इथला वाटतो? आणि हा माणूस नाही? हे माझे बाबा आहेत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुजा बाप? मंग आदी का नाय बोललीस?"

"बोलले असते तर सोडलं असतंत?"

"नाय," ते म्हणाले. "त्या जीपवाल्याने माजं काय घेतलंय? आला, गेला. तुमी बिल्डिंगवाले आमचं पानी प्याले, आन आमालाच सांगता, पाणी बोला."

मग त्यांनी विहिरीची गोष्ट सांगितली. वाडीतली विहीर त्यांच्या आज्याच्या हातची. गोड पानी, उन्हाळ्यातसुद्धा पायऱ्या बुडलेल्या. इमारती उठल्या, नळ नव्हते, टँकरवाले पैसे घेऊन आले. आधी शेजाऱ्याने मोटर बसवली. "मग मी बी विकलं. खोटं कशाला बोलू?" दिवसभर टँकर लागायचे. काही वर्षांत पानी खाली गेलं आणि खाडीचं खारं आत आलं. केळी आधी गेल्या, मग पानवेली पिवळ्या पडल्या. विहिरीवर आता जाळी टाकलीय, पोरं पडू नयेत म्हणून.

"आन वर एक मास्तर," काका म्हणाले. "टँकरच्या मागं आमच्या गावाचं नाव लिवलेलं, उमेले. तो दर खेपेला खडू घेऊन यायचा आन आमचं नाव खोडून दुरुस्त करायचा. ड्रायव्हर गावात येऊन सांगायचा. पोरं हसायची. मना नाय हसू यायचं."

तो टँकर मला आठवत होता. नळ यायच्या आधीची आमची सगळी वर्षं त्या टँकरभोवती गेली. भोंगा ऐकला की आई हंडे घेऊन जिना उतरायची, मी बादल्या, आणि बाबा खडू. नळी टाकीत पडली की ते मागे जायचे, 'उमेले'तल्या ले वर काट मारायचे आणि वर ळे लिहायचे. पुढच्या खेपेला पुसलेलं असायचं. पुन्हा लिहायचे. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. मग पहिला पेला स्वतः प्यायचे आणि म्हणायचे, "उमेळ्याचं पाणी गोड आहे हं."

"काका," मी म्हटलं, "तो मास्तर म्हणजे बाबाच."

काकांनी हातातलं पान न खाता खिशात ठेवलं. "मंग तर नायच," ते म्हणाले. त्या दिवशी नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. विहीर, खारं पाणी, पानवेली, खडू. पहिल्यांदा ते म्हणाले, "पण उमेळेच बरोबर आहे." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांच्याकडे नुसती बघत उभी राहिली. बाबांनी चष्मा काढला. मग विचारलं, "विहीर आहे का अजून?"

"आहे. जाळी टाकलेली."

"आपण विचारलंच नाही कधी," ते म्हणाले. "टँकर कुठून येतो ते ठाऊक होतं. मागे काय उरतं ते विचारलं नाही. मी अक्षर बघत बसलो." ते इतकं हळू बोलले की मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, आणि मी बसलेसुद्धा. आमच्या घरात हे नेहमीचं नव्हे.

दुसऱ्या दिवशी मारुती आली ती आमच्याच लेनमध्ये. मला वाटलं होतं, आता ते येणार नाहीत, सरळ टोलच्या रांगेत जातील. काका उठले. चेहरा दगडासारखा. सवाल मात्र तोच, शब्दही तेच.

"तान लागली तं काय मागशाल?"

बाबांनी इंजिन बंद केलं. मागे ताबडतोब भोंगे सुरू झाले. बाबा म्हणाले, "आता कुठल्या तोंडानं मागू? तुमच्या विहिरीचं पिऊनच तर मी इथे राहिलो. माझ्या मुलीची हाडं त्याच पाण्यावर वाढलीत." मग हात जोडून म्हणाले, "खडूचं चुकलं. नाव तुमचं होतं."

पाणी म्हणाले ते, पानी नाही. काकांनी ते ऐकलं हे मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मागचा ट्रकवाला उतरून शिव्या द्यायला लागला. काका त्याच्याकडे वळून ओरडले, "गप रे! मास्तरशी बोलतोय ना!"

आणि दांडा उचलला. मी नाही, त्यांनी. दगड खाली गेला, बांबू वर गेला, बाबांना घाईत गाडीच सुरू करता येईना. दोनदा घुरघुरली आणि तिसऱ्यांदा निघाली. काका तोवर दांडा धरून होते.

त्यानंतर ती मारुती कधी अडली नाही. बाबा काच खाली करायचे, काका "जा मास्तर" म्हणायचे. सवाल नाही. एकदा बाबांनी कुठूनशी पानं आणून दिली. काकांनी ती उलटीसुलटी केली, "याला पान बोलतात?" म्हणाले आणि खिशात ठेवली.

पण टोलची वसुली घसरलेली मॅनेजरच्या लक्षात आली होती. दिवसाला इतके स्थानिक येतात कुठून, म्हणून तो स्वतः शेडमध्ये येऊन उभा राहिला आणि पाच मिनिटांत त्याने परराज्यातले तीन स्थानिक बघितले. सवाल बंद झाला. त्या जागी काचेवर लावायचे पिवळे स्टिकर आले. लाइट बिल दाखवा, स्टिकर घ्या. बिल्डिंगवाले, गाववाले सगळे एकाच मापात. बाबांना पहिल्याच आठवड्यात मिळाला. गंमत अशी की तो त्यांनी बरेच दिवस खणात ठेवला, लावलाच नाही. "जा मास्तर" ऐकायची सवय झाली होती.

स्टिकर बघायला माणसं ओळखणारा माणूस लागत नाही. महिनाअखेर काकांनी येऊ नये असं ठरलं. मॅनेजरने मलाच ते सांगायला लावलं. काका म्हणाले, "बराबर हाय. कागद वळखायला मी कशाला?" आणि खुर्ची पुसू लागले, जशी काही ती त्यांची होती.

त्यांच्या शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर बाबा परतीच्या लेनमधून गेले, पण घरी न जाता पुढून वळसा घालून पुन्हा आमच्या बाजूला आले. काचेवर स्टिकर लावलेला होता. थांबायची गरज नव्हती, तरी थांबले. काका खुर्चीवरून उठून गाडीच्या खिडकीपाशी गेले.

बाबांनीच विचारलं, "काका, तहान लागली तर काय मागाल?"

काका हसले. मग हसणं आवरलं, सदरा नीट केला, वर्गातल्या पोरासारखे ताठ उभे राहिले. जीभ टाळ्याला लावायला त्यांना जड जात होतं. ओठ आधी नुसतेच हलले. मग जोर करून, तुटक, पण अगदी स्पष्ट म्हणाले :

"पाणी."

बाबांनी मान हलवली. जन्मभर हजारो पोरांपुढे हलवली असेल तशी, अगदी तशीच.

"चूक," ते म्हणाले. "पानी."